जांबवंताचं काम

झिम्बाब्वेचे मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांना हव्या होत्या परिचारिका, मिळाल्या आज्या. हरारे शहराच्या आरोग्य विभागाकडे ते म्बारे वस्तीसाठी मानसोपचाराची सोय मागायला गेले, तेव्हा खोली नाही, नर्स नाही आणि पैसाही नाही, असं उत्तर आलं. दवाखान्यासाठी वस्तीत फिरून स्वच्छतेबद्दल, एचआयव्हीबद्दल सांगणाऱ्या चौदा वयस्कर स्वयंसेविका तेवढ्या होत्या आणि दवाखान्याबाहेर झाडाखाली जागा होती. हे साल २००६. ही कल्पना आपल्याला सुरुवातीला मुळीच पटली नव्हती, असं चिबांडा पुढे अनेकदा जाहीरपणे सांगत आले आहेत. पटणार तरी कशी? आपल्याकडच्या एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला 'उद्यापासून तुमची ओपीडी चाळीतल्या आज्या बघतील' असं सांगून पाहावं.

आदलं वर्ष झिम्बाब्वेला फार वाईट गेलं होतं. २००५ मध्ये मुगाबे सरकारने 'मुरांबात्स्विना' नावाची मोहीम काढून शहरांतल्या झोपड्या, टपऱ्या, परसात काढलेल्या खोल्या पाडून टाकल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने सुमारे सात लाख लोकांचं घर, रोजगार किंवा दोन्ही गेल्याचं म्हटलं. एड्सने घराघरातली कर्ती माणसं त्याआधीच नेली होती. त्याच वर्षी चिबांडांच्या एका सव्वीस वर्षांच्या रुग्ण मुलीने जीव दिला. तिला त्यांच्याकडे आणायचं ठरलं होतं, पण बसभाड्याचे पंधरा डॉलर घरात नव्हते. कोटीहून जास्त लोकसंख्येच्या देशात मानसोपचारतज्ज्ञ होते जेमतेम डझनभर. रुग्ण कधीतरी आपल्या दारात येईल या भरवशावर बसण्यात काही राम नाही, हे चिबांडांना त्या पंधरा डॉलरांनी पटवलं.

मग बाक आला. लाकडाचा, साधा, दवाखान्याच्या आवारातला. चिबांडांनी त्याला 'मानसिक आरोग्याचा बाक' म्हणायचं ठरवलं होतं. असल्या नावाच्या बाकावर चारचौघांदेखत कोण येऊन बसणार, हे आज्यांनी लगेच ओळखलं आणि त्याचा 'मैत्रीचा बाक' झाला. पुढचा आक्षेप डॉक्टरांच्या भाषेवर होता. नैराश्य, चिंताविकार, निदान हे शब्द आज्यांना नको होते. म्बारेत माणसाला जे होतं त्याला शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे विचार करकरून डोक्याचा भुगा होणं. तोच शब्द बाकावर चालू झाला. बोलण्याचे तीन टप्पेही त्याच भाषेतले ठरले: आधी मन उघडणं, मग माणसाला वर उचलणं, मग त्याला बळ देणं. पुस्तकातली 'समस्या-निवारण उपचारपद्धती' त्या तीन टप्प्यांत पूर्ण बसली होती, पण तिचं नाव घ्यायची वेळ कुणावर आली नाही.

बाकावर प्रत्यक्ष काय चालतं? आधी चौदा प्रश्नांची एक प्रश्नावली, हो किंवा नाही एवढीच उत्तरं. गेल्या आठवड्यात फार विचार येत होते का, पोटात दुखत होतं का, भीतिदायक स्वप्नं पडली का, क्षुल्लक कारणावरून दचकायला झालं का, जीव नकोसा वाटला का. ही प्रश्नावली नव्वदच्या दशकात हरारेतच तयार झाली, आणि ती करणाऱ्या गटाचा प्रमुख होता मुंबईत जन्मलेला एक तरुण डॉक्टर, विक्रम पटेल. त्यांच्याकडे पुढे यायचंच आहे.

उत्तरांची बेरीज ठरावीक आकड्याच्या वर गेली की आजी विचारते, काय झालं ते सांग. समजा, समोरची बाई तिशीतली आहे. नवऱ्याला काम नाही, घरमालकाने खोली सोडायला सांगितली आहे, स्वतःला एचआयव्ही असल्याचं सासरी कळलेलं नाही, थोरल्या मुलाची फी थकली आहे. ती हे सगळं एका दमात, उलटसुलट क्रमाने सांगते. आजी घाई करत नाही. ऐकलेलं तिला पुन्हा सांगते, पण जरा क्रम लावून: आधी काम गेलं, मग भाडं थकलं, मग तू जेवणं सोडलंस. चार अडचणींची ती एक गुंतवळ सुटून चार धागे वेगळे दिसायला लागतात. मग यातला एक आज हातात घेऊ, कुठला घेऊ, असा प्रश्न येतो. तो धागा बाई निवडते, आजी नाही. पहिलं पाऊल काय, हेही बाईच ठरवते. पुढच्या वेळी आजी त्या पावलाचीच चौकशी करते. अशी साधारण सहा सत्रं. त्यानंतर आधी बाकावर येऊन गेलेल्या बायकांचा एक गट असतो. तिथे जुन्या प्लास्टिकच्या पट्ट्यांपासून पिशव्या विणता विणता गप्पा चालतात. हात गुंतलेले असले आणि डोळे खाली असले की पोटातलं बोलायला सोपं जातं, हे वाळवणं घालायला जमणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना नव्याने सांगायला नको.

डिसेंबर २०१६ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात या कामाचा अभ्यास छापून आला. हरारेतले २४ दवाखाने, ५७३ रुग्ण. निम्म्या दवाखान्यांत नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले, निम्म्यांत बाक. सहा महिन्यांनी नैराश्याची लक्षणं नेहमीच्या उपचारांच्या गटात निम्म्या लोकांत शिल्लक होती, बाकावरच्या गटात सातांत एकाजवळ. आत्महत्येचे विचार एकीकडे १२ टक्के, दुसरीकडे २. चिबांडांची शंका तोवर कधीच फिटली होती. जगाची आता फिटली.

पण ही आज्यांची 'गोष्ट सांगण्याची कला' आहे असं म्हणून कौतुक करून मोकळं व्हायचं, तर एक गफलत होते. आजी गोष्ट सांगते म्हणजे काय करते? नातवंडांना सांगावी तशी कोल्ह्या-करकोच्याची सांगत नाही. दुसऱ्या कुणाच्या धैर्याची उदाहरणंही फेकत नाही. बहुतेक वेळ ती समोरच्या बाईची गोष्ट तिलाच परत सांगत असते, आणि त्यात बाईने स्वतः केलेल्या, पण तिच्या लेखी गणतीत नसलेल्या गोष्टी येतात. मुलाची फी थकली खरी, पण मूल अजून शाळेत जातंय ना? कोण पाठवतंय?

भारतीय मानसोपचाराला याचं चित्र फार पूर्वीपासून ठाऊक आहे. चंडीगडचे ज्येष्ठ मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी २००४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री'त हनुमानावर एक लेख लिहिला. समुद्र ओलांडायचा आहे, वानर हताश बसले आहेत आणि ज्याला तो ओलांडता येतो तो मारुती गप्प आहे, कारण आपलं बळ त्याला आठवत नाही. जांबवंत त्याला ते आठवून देतो. विग यांच्या मते उपचारकाने करायचं काम हेच. या प्रसंगात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की जांबवंत मारुतीला नवीन काही देत नाही. दुसऱ्या कुणा वीराचं उदाहरणही देत नाही. मारुतीच्याच जन्माची, त्याच्याच बाळपणीच्या उड्डाणाची हकिगत सांगतो.

आपल्याकडचं समुपदेशन मात्र पुष्कळदा उलट्या दिशेने जातं. परीक्षेत नापास झालेल्या मुलापुढे बसून आग्र्याहून सुटका सांगायची, नोकरी गेलेल्याला कुणा उद्योगपतीची सुरुवातीची गरिबी ऐकवायची, आणि शेवटी इसापनीतीच्या पुस्तकात चौकटीत छापलेलं असायचं तसं तात्पर्य ठोकायचं. मुलगा मान डोलावतो. मनातल्या मनात तो स्वतःला महाराजांशी ताडून पाहतो आणि आणखी दोन पायऱ्या खाली जातो. गोष्टीचा असा डोस देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांना शांत बसवत नाही, एवढंच.

तात्पर्य न सांगता गोष्ट कशी ठेवावी, याचा एक नमुना जर्मनीत सापडतो. नोसरत पेसेश्कियान मूळचे इराणचे, १९५४ मध्ये वैद्यकीच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेले आणि वीसबाडेनला मानसोपचारतज्ज्ञ म्हणून स्थिरावले. जर्मन रुग्णांपुढे ते पौर्वात्य गोष्टी ठेवत. १९७९ च्या त्यांच्या पुस्तकाचं नावच 'व्यापारी आणि पोपट'. ही गोष्ट मूळ रूमीच्या मसनवीतली, आणि तिच्यात हिंदुस्थान आहे. पिंजऱ्यातल्या पोपटाचा मालक व्यापारासाठी हिंदुस्थानात निघतो. पोपट सांगतो, तिथल्या माझ्या भाऊबंदांना माझा निरोप द्या. व्यापारी तो देतो, आणि ऐकताच रानातला एक पोपट मरून पडतो. परतल्यावर व्यापारी चुटपुटत घडलेलं सांगतो, तर घरचा पोपटही तसाच पडतो. रडत रडत तो त्याला पिंजऱ्याबाहेर टाकतो आणि पोपट भुर्रकन उडून फांदीवर जाऊन बसतो. सुटकेची युक्ती व्यापाऱ्याने स्वतः वाहून आणली होती आणि आपण काय आणलं हे त्याला कळलंही नव्हतं. पेसेश्कियान यांच्या खुर्चीत बसणाऱ्याने यातलं काय घ्यावं हे त्याच्यावर सोडलेलं असे. कुणाला पोपट दिसेल, कुणाला पिंजरा, कुणाला स्वतःतला व्यापारी.

आपली म्हणून उचललेली गोष्ट दुसऱ्या मातीत तशीच लागते असंही नाही. न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकोच्या मुलांबरोबर जुझेप्पे कोस्टांटिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात जो प्रयोग केला तो या बाबतीत उद्बोधक आहे. ही मुलं घरी स्पॅनिश, शाळेत इंग्रजी, आणि दोन्हीकडे थोडी परकी. त्यांच्यासाठी पोर्तो रिकोच्या लोककथा निवडल्या गेल्या. त्या सांगायला थेरपिस्टच्या बरोबरीने मुलांच्या आयांना बसवलं. त्याचे दोन प्रकार केले: एकात कथा जशीच्या तशी, दुसऱ्यात तीच कथा, पण आजच्या न्यूयॉर्कच्या वस्तीत घडणारी. १९८६ मध्ये आलेल्या निष्कर्षांत मुलांची चिंता नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त घटल्याचं आणि हा फरक वर्षभर टिकल्याचं दिसलं. त्या आयांकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. परक्या शहरात ज्या आईला मुलाच्या शाळेत धड बोलता येत नाही, तीच इथे जाणती म्हणून बसली होती. मुलावर गोष्टीचा परिणाम किती आणि आईच्या बदललेल्या जागेचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

झिम्बाब्वेतच आणखी एका बाईचं काम चालू होतं, आणि तिची अडचण चिबांडांपेक्षा वेगळी होती. न्काझेलो न्क्युबे या मानसशास्त्रज्ञ. बुलावायोजवळच्या मासिये शिबिरात एड्सने आई-बाप गेलेली मुलं येत. दुःख बोलून टाकलं की हलकं होतं, या समजुतीने कार्यकर्ते मुलांना त्यांच्या नुकसानीबद्दल बोलतं करत. मुलं बोलत, रडत, आणि पुष्कळदा तिथेच अडकून पडत. ऐकणारेही हतबल होत. जखम उघडी करायला सगळ्यांना येत होतं, पुढचं येत नव्हतं. 'बोल, मोकळा हो' हा सल्ला आपणही किती सहज देतो.

ऑस्ट्रेलियात अॅडलेडच्या डल्विच सेंटरच्या डेव्हिड डेनबरो यांच्याबरोबर न्क्युबेंनी यातून मार्ग काढला तो 'जीवनवृक्षा'चा. मुलाला एक मोठा कागद, रंग, आणि झाड काढ एवढीच सूचना. मुळांपाशी लिहायचं आपण कुठले, घरातली कोण माणसं आठवतात, लहानपणी कुणी काय शिकवलं, कुठलं गाणं ऐकत वाढलो. जमिनीवर आत्ताचं रोजचं जगणं. खोडात मला काय काय जमतं ते; इथे मूल अडलं की बाकीची मुलं सांगतात, हा भांडणं सोडवतो, ही लहानग्यांना सांभाळते. फांद्या म्हणजे पुढे काय हवंय. पानं म्हणजे जवळची माणसं, हयात असलेली आणि नसलेलीही. एड्समध्ये गेलेली आई अशी कागदावर पान होऊन येते. ती कशी गेली हे तेव्हा कुणी विचारत नाही. तिच्याबरोबर काय मजा करायचास, तुझ्यासाठी ती का महत्त्वाची, असं विचारतात. फळं म्हणजे अशा माणसांकडून मिळालेलं काही.

मग सगळी झाडं एका भिंतीवर शेजारी शेजारी लावायची, की जंगल होतं. आणि त्यानंतरच वादळाचा विषय. तोही आडून: जंगलावर कसली संकटं येतात? मुलं सांगतात, वणवा, कुऱ्हाड, पाऊस न पडणं. मुलांवर कसली येतात? इथे मारहाण, उपास, मरण सगळं येतं, पण 'माझ्यावर' असं म्हणण्याची सक्ती नसते. यात मुलांची चूक असते का? वादळात पक्षी काय करतात, प्राणी कुठे दडतात? मग, तुम्ही काय करता? नदीत गटांगळ्या खाणाऱ्याला नदीचं वर्णन विचारायचं नाही, आधी काठावर घ्यायचं, असं या कामातली माणसं म्हणतात. आई-बापांशिवाय मागं राहिलेलं मूल स्वतःबद्दल पहिल्यांदा बोलतं तेव्हा 'अनाथ' या शब्दाने सुरुवात करत नाही, हे या पद्धतीचं खरं यश. २००६ मध्ये न्क्युबेंनी हे लिहून प्रसिद्ध केलं आणि झाड आफ्रिकेबाहेर पडलं. लंडनमधल्या शाळांत निर्वासित कुटुंबांबरोबर ते वापरलं गेलं. युगांडात बालसैनिक म्हणून जगलेल्या मुलांना झाडापेक्षा फुटबॉल जवळचा होता, तर डेनबरोंनी झाडाच्या जागी संघ आणला: गोलरक्षक कोण, प्रशिक्षक कोण, आजवरचा सगळ्यात चांगला गोल कुठला. टोरांटोतल्या श्रीलंकन तमिळ कुटुंबांत आई-बाप आणि तिकडेच वाढलेली मुलं यांच्यात जी ओढाताण होती, तिच्यासाठी पतंग निघाला.

डेनबरोंच्या मागे गुरुस्थानी होते मायकेल व्हाइट, अॅडलेडचे समाजकार्यकर्ते. कपड्यांत शी करणाऱ्या मुलांवर उपचार करताना त्यांनी १९८४ मध्ये त्या सवयीलाच एक पात्र करून टाकलं: लबाड शी. मूल वाईट नाही, लबाड शी त्याला गंडवते; तेव्हा तिला हरवायला घरचे सगळे मुलाच्या बाजूने. आजवर आई-बाप आणि मूल आमनेसामने होते, आता तिघे मिळून लबाड शीच्या मागे लागले. अंगात शिरलेल्या 'बाहेरच्या'ला नाव विचारणाऱ्या देवऋषाची इथे कुणाला आठवण होईल. साम्य आहेच, पण व्हाइट यांच्याकडे बाहेरच्याला पळवणारा मंत्र मुलाच्याच हाती असतो, आणि हा फरक लहान नाही.

आता विक्रम पटेल. हरारेतलं काम आटोपून ते भारतात आले आणि १९९६ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी गोव्यात 'संगाथ' ही संस्था उभी केली. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी नैराश्याच्या रुग्णांशी बोलावं, असा 'मानस' प्रकल्प त्यांनी राबवला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. गोव्यात कुफुंगिसिसाच्या जागी होतं 'टेन्शन'. शब्द इंग्रजी असला म्हणून काय झालं, म्हापशाच्या बाजारात तो कोकणीच आहे. हिंदू शेतकरीण आणि ख्रिस्ती खलाशाची बायको एकाच केंद्रात येतात, तिथे जांबवंत सगळ्यांना पुरणार नाही हेही उघड होतं. जिला मारुती परका आहे तिला विग यांचं चित्र काय कामाचं? कार्यकर्त्याने मारुतीची गोष्ट विसरायची आणि जांबवंताची युक्ती तेवढी ठेवायची. हे सांगायला सोपं आहे. ज्याच्या डोक्यात गोष्टींचा साठा तुडुंब आहे त्याला फार जड जातं.

महाराष्ट्रात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या 'सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी'ने २०१३ पासून नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत 'आत्मीयता' नावाचा उपक्रम चालवला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांच्या मोबाईलवर छोट्या फिल्म दिल्या: दारू, बेकारी, घरातली मारहाण, त्यातून येणारी उदासी. फिल्म दाखवणारा ओळखीचा, फिल्ममधलं घर ओळखीचं, पण माणूस तिसरा. 'तुझा नवरा मारतो का' या प्रश्नाला गावात उत्तर मिळत नाही. फिल्ममधल्या बाईचं काय चुकलं, यावर मात्र चर्चा होऊ शकते, आणि त्या चर्चेत कोण काय बोलतं याकडे ऐकणाऱ्याचं लक्ष असलं की पुढचं दार उघडतं.

या सगळ्याच्या मर्यादाही स्वच्छ लिहून ठेवलेल्या आहेत. हरारेच्या २०१६ च्या अभ्यासात सायकोसिस असलेल्यांना आणि आत्महत्येचा बेत पक्का झालेल्यांना घेतलंच नव्हतं. ते बाकाचं काम नाही, दवाखान्याचं आहे. आजीला कुठे थांबायचं आणि कुणाला पुढे डॉक्टरांकडे पाठवायचं हे आधी शिकवावं लागतं. बाक आता मलावी, झांजिबार, न्यूयॉर्क, वॉशिंग्टनपर्यंत गेलाय. २०२२ च्या कतार विश्वचषकात ३२ संघांच्या नावाने ३२ बाक मांडले गेले. फोटो छान आले. पण म्बारेत आजीचा शब्द वस्तीत चालत होता, ती बाकावर बसण्याआधीपासून. वयस्कर माणसं जिथे वेगळ्या इमारतीत राहतात आणि नातवाला रविवारी भेटतात, तिथे बाकाबरोबर तो शब्दही पाठवता येत नाही.

आपल्याकडे अशी योजना आली तर बाकावर कोण बसणार, हे ओळखायला फार विचार नको. गावात घरोघर जाणारी, कुणाच्या घरात काय चाललंय याची खडान्खडा माहिती असलेली बाई म्हणजे आशा सेविका. मानधनवाढीसाठी तिला २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात राज्यभर संप करावा लागला होता. लसीकरण, गरोदर बायांची नोंद, क्षयरोगाची पाहणी यांच्या रजिस्टरांवर आणखी एक रजिस्टर चढवून, बसून तासभर कुणाचं ऐक असं तिला सांगायचं असेल, तर त्या तासाचं मानधन किती हा प्रश्न ती पहिल्याच बैठकीत विचारेल.